नारळाची लिंक

"बाहेर जाणारी एकही लिंक ठेवायची नाही. एकही नाही!" सौरभदादा म्हणाला आणि त्यानं मोठ्या ड्रमवर ठेवलेला लॅपटॉप जवळजवळ हिसकावूनच घेतला. "माणूस आपल्या साईटवर आला ना स्वरू, की त्याच्यामागं दार लावून घ्यायचं. त्याला बसव, पाणी दे, व्हिडिओ दाखव. पण बाहेर सोडायचं नाही."

"म्हणजे कोंडून घालायचं?"

"याला बिझनेस म्हणतात."

"आमच्यात याला किडनॅपिंग म्हणतात," मी म्हणाले.

कोपऱ्यात क्लॅरिनेटची रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, ओठात भिजवत बसलेले पप्पा इतक्या जोरात हसले की रीड निसटून थेट त्यांच्या मांडीवर पडली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आठवीत होते. त्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली आणि बाईंनी मला स्टेजवर ढकललं. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा पुटपुटायचे. पण त्या दिवशी माईक हातात आला, समोरून टाळ्या आल्या आणि माझा आवाज जो सुटला तो सुटलाच! आई म्हणायची, "नळाची तोटीच गेली हिची." तर त्या सुटलेल्या आवाजाच्या जोरावर मी घरात जाहीर केलं होतं, की आपल्या बँडची वेबसाईट काढायची आणि ती मीच काढणार.

आमचा बँड म्हणजे मोरपीस ब्रास बँड, विटा. पप्पा त्याचे मास्तर, सगळे त्यांना विलास मास्तर म्हणतात. एसटी स्टँडच्या मागं बँडवाल्यांची एक अख्खी गल्ली आहे. ओळीनं दुकानं, प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर टांगलेली पितळी वाद्यं आणि खुंट्यांवर गणवेश. आमचे निळे-हिरवे, मोराच्या गळ्यासारखे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भूपाल मास्तरांच्या सोनपंखी ब्रास बँडचे पिवळेधमक, उन्हात बघितले की डोळे मिटावेत असे.

आणि वेबसाईट कशाला, तर ऐका. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ती माणसं कोइमतूरला, अमृतसरला, कुठं कुठं राहतात. पण लग्न म्हटलं की गावाकडं! पूर्वी त्यांची वडीलधारी माणसं सुट्टीला यायची, गल्लीत फिरून चार बँड ऐकायची आणि ज्याचं वाजवणं पटेल त्याला सुपारी द्यायची. (आमच्यात बुकिंगला सुपारी म्हणतात, घाबरू नका.) आता त्यांची पोरं तिकडूनच फोनवर बघतात, आणि फोनवर दिसतो तो डीजे. मागचा अख्खा हंगाम आमचे गणवेश खुंट्यांवरच होते. आमचा ट्रम्पेटवाला पोल्ट्रीत कामाला लागला, झांजवाला रिक्षा चालवायला लागला. अजून एक हंगाम असाच गेला असता तर पप्पांनी बोर्ड उतरवला असता. तसं ते बोलले नव्हते, पण बोर्ड पुसायचं मात्र त्यांनी सोडलं होतं.

म्हणून सौरभदादाला बोलावलं. माझा चुलतभाऊ. पुण्यात कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या साईटी लोकांपर्यंत पोचवायचं काम करतो. हुशार आहे, फक्त स्वतःला जरा जास्त हुशार समजतो.

"पण दादा, आपली तारीख भरलेली असली तर? गिऱ्हाईकानं काय करायचं?"

"दुसरी तारीख विचारायची."

"लग्नाची? मुहूर्त काय आपल्या बँडला विचारून काढतात?"

"मग जाईल गुगलवर. आपल्याला काय करायचंय?"

"पप्पा," मी वळले, "गल्लीत आपण काय करतो?"

पप्पांनी रीड पुसली. "काय करायचं? हात धरून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन बसवायचं. त्या मास्तराला नारळ द्यायचा आणि सांगायचं, हे माझ्या घरचं कार्य समजून वाजव. गिऱ्हाईक मोकळ्या हातानं गल्लीतनं बाहेर पडता कामा नये."

"बघ!" मी दादाला म्हणाले.

"अगं, ते गल्लीत. काका, इंटरनेट म्हणजे गल्ली नव्हे."

"मग काय आहे?"

दादानं लगेच चहा मागवला.

नारळाची ही पद्धत आमच्या गल्लीत सगळ्यांचीच. आणि तिचं दुसरं टोक तर फारच भारी! नारळ देऊन पाठवलेल्या लग्नाची मिरवणूक गल्लीतून निघाली, की वाजवणारा बँड नारळ देणाऱ्याच्या दुकानासमोर थांबतो, दुकानाकडं तोंड करतो आणि एक अख्खी धून फक्त त्याच्यासाठी वाजवतो. सलामी. मागं घोड्यावर नवरदेव ताटकळत असतो, पण सलामी झाल्याशिवाय पुढं पाऊल नाही. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्याच दुकानदारांना असं कुणीतरी वाजवून थँक्यू म्हणत असेल.

"ठीक आहे," दादा शेवटी म्हणाला. "मंडपवाल्याची लिंक दे. फोटोवाल्याची दे. पण बँडची नको."

"बँडचीच देणार. तारीख भरलेली असली की गल्लीतल्या सगळ्यांची. सोनपंखीची तर सगळ्यात वर, कारण आपल्यानंतर तेच..."

"सोनपंखीची नाही." पप्पा एकदम म्हणाले.

"का?"

"नको म्हणलं ना."

"पण का?"

"स्वरू," दादा हळूच म्हणाला, "तोटी बंद कर."

मी बंद केली. पण मला ते खटकत राहिलं. आत्ताच तर हा माणूस हात धरून नेण्याबद्दल बोलत होता!

साईट सुरू झाली आणि खोटं सांगत नाही, आमचं दुकान बदललं! मी घातलेला व्हिडिओ, ज्यात पप्पा क्लॅरिनेट आभाळाकडं करून वाजवतात, तो कुठं कुठं फिरला. लुधियानाहून फोन, मदुराईहून फोन. ट्रम्पेटवाल्यानं पोल्ट्रीचा मालक गाठून सुट्ट्या टाकल्या. मे महिन्यातली सगळ्यात दाट लग्नतिथ तर बघता बघता भरली. जवळच्याच लेंगरे गावचं दुपारचं लग्न आम्ही घेतलं, आणि नेमका त्यानंतर साईटवर निरोप आला तो कोइमतूरच्या हर्षदाताईचा.

'माझ्या भावाचं लग्न आहे, त्याच तारखेला. सकाळच्या देवदर्शनापासून संध्याकाळच्या परण्यापर्यंत दिवसभर बँड पाहिजे. आजोबांची इच्छा आहे, डीजे नको, विट्याचाच बँड पाहिजे. प्लीज!'

परण्या म्हणजे नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजत गाजत मांडवाकडं निघतो, ते.

मी गल्लीत पळत सुटले. जयध्वनीवाले भरलेले. त्यांच्या शेजारचे भरलेले. सगळेच भरलेले. एकच बँड मोकळा होता. पिवळा.

धापा टाकत मी पप्पांसमोर उभी राहिले. "या ताईला काय सांगू?"

"सगळ्यांना विचारलंस?"

"सगळ्यांना. म्हणजे, एक सोडून."

पप्पा क्लॅरिनेटच्या कळा पुसत राहिले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले.

"त्यांच्या आजोबांना विट्याचाच बँड पाहिजे, पप्पा. नाही मिळाला तर डीजे लावतील. गिऱ्हाईक मोकळ्या हातानं गल्लीतनं बाहेर..."

"माझंच मला ऐकवू नको."

"मग दुसरं काय ऐकवू?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "दे. दे भूपाल मास्तरांचं नाव. पण ह्या विषयावर परत माझ्याशी बोलायचं नाही."

मला तेवढं पुरे होतं! भूपाल मास्तरांच्या जावयानं सोनपंखीचं एक साधंसं पान काढून ठेवलं होतं. फोटो, फोन नंबर, बास. मी आमच्या साईटवर त्या तारखेसमोर लिहिलं, 'या दिवशी मोरपीस मोकळा नाही. सोनपंखी ब्रास बँडला विचारा. तेही झकास वाजवतात.' आणि 'सोनपंखी'वर लिंक दिली.

लगेच पुण्याहून फोन. "झकास? तू स्पर्धकाला झकास म्हणालीस? आपल्याच साईटवर?"

"वाजवतात झकास, तर काय भिकार लिहू?"

"स्वरू, मी नोकरी सोडून किराणा दुकान टाकू का, सांग."

दोन दिवसांनी हर्षदाताईचाच फोन आला. आवाज असा, की फोनमधून बाहेर उडी मारेल. "ठरलं गं! तुझ्या त्या लिंकवरून नंबर मिळाला, बाबांनी बोलून सुपारी पण दिली. आजोबा इतके खूश झालेत ना! थँक्यू, थँक्यू!"

मी दुकानात उडीच मारली. वरच्या टोप्यांच्या फळीला डोकं आपटलं आणि मोराच्या तुऱ्यांच्या टोप्या धडाधड अंगावर आल्या. "पप्पा! झालं! लिंक चालली!"

पप्पांनी एक टोपी उचलली, तुरा सरळ केला. "परण्या आपल्या गल्लीतनंच जाणार?"

"मग! मारुतीचं देऊळ काय उचलून नेणार आहेत का?"

"बरं. त्या दिवशी लेंगऱ्याहून आलो की सरळ घरी जायचं. दुकान उघडायचं नाही."

"का पण?"

पण विषय बंद होता. ते टोप्या गोळा करत राहिले. माझं सगळं फुगलेपण एका मिनिटात उतरलं.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिला उठूच देईना. "सांग मला. सोनपंखीचं काय आहे?"

"तुझ्या पप्पांना कळलं तर..."

"मी नाही सांगत."

"तू? तू नाही सांगत?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "भूपाल मास्तर कोण आहेत, माहितीये का? तुझ्या पप्पांच्या हातात पहिल्यांदा क्लॅरिनेट दिली ती त्यांनी. पप्पा त्यांच्याच बँडात वाढले. पुढं मोरपीस काढला तोसुद्धा त्यांच्याच आशीर्वादानं. दोन्ही दुकानांत रोज चहाची देवघेव असायची. तू तेव्हा रांगत होतीस. सराफाच्या घरचं मोठं लग्न आलं पप्पांकडं, पण तारीख भरलेली. पप्पा सांगलीला वाजवायला गेलेले. तिथनंच त्यांनी फोनवर सराफाला सांगितलं, भूपाल मास्तरांकडं जा, माझ्या गुरूचा बँड आहे. ते लग्न सोनपंखीला मिळालं."

"मग?"

"मग परण्याच्या दिवशी पप्पा नवा सदरा घालून, हातात हार घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. सगळी गल्ली बघत होती. गुरूची सलामी शिष्याला! अशी सलामी गल्लीनं कधी बघितली नव्हती." आई थांबली. "सोनपंखी वाजवत आला आणि वाजवत निघून गेला. मास्तरांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पप्पा हार हातात धरून तसेच उभे."

भाकरी करपली. आईला कळलंच नाही.

"त्या दिवसापासून बोलणं बंद. आता परत पप्पांनी पाठवलेलं लग्न जाणार गल्लीतनं. परत मास्तर न थांबता गेले, तर? म्हणून म्हणाले असतील, शटर उघडू नको."

मला इतका राग आला मास्तरांचा! मी ताडकन उठले, दोन येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या येरझारीला मधेच थांबले.

"आई, पप्पा सांगलीला होते ना? मग नारळ कुणी नेला?"

"कुठला नारळ?"

"सराफाला हात धरून मास्तरांच्या दुकानात कुणी नेलं?"

"फोनवर सांगितलं म्हणलं की. तेव्हा नवा नवा मोबाईल घेतला होता त्यांनी. सराफ त्याचा तो गेला."

"आणि सराफानं जर मास्तरांना सांगितलंच नसलं, की मला विलास मास्तरांनी पाठवलंय?"

आईनं तवा खाली उतरवला. मी फोन घेऊन अंगणात पळाले.

"दादा, एक सांग. आपल्या लिंकवरून कुणी दुसऱ्याच्या साईटवर गेलं, तर त्या दुसऱ्याला कळतं का, कुणी पाठवलं ते?"

"कळू शकतं. आकडे बघितले तर. कोण कुठून आलं, ते दिसतं त्यात." मग तो हसायला लागला. "पण भूपाल मास्तर काय चष्मा लावून रोज आकडे बघत बसतात होय? त्यांच्या दृष्टीनं एक फोन आला. बास."

म्हणजे मी तेच केलं होतं! पप्पांनी फोनवर केलं तेच, मी लिंकवर. माणूस पाठवला, पण हात धरून नेला नाही. दार दाखवलं आणि नारळ द्यायला विसरले!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी देवळासमोरून शेंडीवाला चांगला मोठा नारळ घेतला आणि गल्लीत शिरले. इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्या गल्लीत नारळ हातात घेऊन चालणं म्हणजे लाऊडस्पीकर लावून चालणं.

"कुणाकडं गं, स्वरू?" जयध्वनीवाल्या काकांनी विचारलं.

"असंच, पुढं."

"पुढं म्हणजे? आमच्या पुढं तर..." त्यांनी पुढं बघितलं आणि त्यांच्या हातातला पानाचा डबाच खाली पडला. "अरे ए! बाहेर या! मोरपिसाचा नारळ सोनपंखीकडं निघालाय!"

दुकानादुकानातून माणसं पायरीवर आली. मला गॅदरिंगचा माईक आठवला. मी मान ताठ केली आणि चालत राहिले.

भूपाल मास्तर गादीवर बसले होते. पांढऱ्या मिशा, पिवळी टोपी बाजूला काढून ठेवलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नारळाकडं.

"कुणाची गं तू?"

"विलास मास्तरांची. स्वरांजली."

त्यांचा चेहरा दगड झाला. "त्यानं पाठवलंय?"

"नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही. मीच आलेय." मी नारळ त्यांच्यासमोर ठेवला. "कोइमतूरच्या लग्नाचा नारळ आहे हा. ते लग्न आमच्याकडं आलं होतं. आमची तारीख भरलेली होती, म्हणून आमच्या साईटवरून तुमच्याकडं पाठवलं. पप्पाच म्हणाले, भूपाल मास्तरांचं नाव दे."

"विलास म्हणाला? माझं नाव दे म्हणून?"

"हो. आणि मी लिहिलं, तेही झकास वाजवतात."

"हे झकास कुणी ठरवलं?"

"मी ऐकलंय ना! तुमची वरात आली की मी गच्चीवर पळते. आईला वाटतं, कपडे काढायला जाते."

मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की खोकला, मला कळलं नाही. मी जीव मुठीत धरला आणि विचारलंच.

"काका, सराफाच्या लग्नात तुम्ही आमच्या दुकानासमोर थांबला का नाहीत?"

"कुठल्या सराफाच्या?"

मी आईनं सांगितलं तेवढं सांगितलं. सांगली, फोन, हार, पायरी. मी बोलत होते आणि मास्तरांचा हात हळूहळू नारळाकडं चालला होता. मी थांबले तेव्हा नारळ त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"ते लग्न विलासनं दिलं होतं?" ते म्हणाले. "सराफ आला, सुपारी ठेवली आणि गेला. एका शब्दानं बोलला नाही. मला वाटलं, आपल्या नावावर आला. आणि त्यानंतर विलासनं बोलणं टाकलं. मी म्हणलं, झालं, पोरगं मोठं झालं. आता मास्तर नको त्याला."

"मग विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर मी मास्तर कसला?" ते स्वतःवरच चिडल्यासारखे बोलले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. "जा घरी. उशीर झालाय."

"काका, मग तुम्ही त्या दिवशी थांबणार ना?"

"सलामी मागायची नसती. तुझ्या बापानं शिकवलं नाही?"

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पप्पा दारातच उभे.

"तू नारळ घेऊन गेलीस?"

"पप्पा, त्यांना माहीतच नव्हतं! सराफानं सांगितलंच नव्हतं त्यांना!"

"असं ते म्हणाले?"

"हो."

पप्पा पायरीवर बसले. "आणि खरं नसलं तर? स्वरू, मागच्या वेळी मी एकटा उभा होतो. आता सगळ्या गल्लीनं नारळ बघितलाय. त्या दिवशी सगळे बघायला येतील. ते थांबले नाहीत तर मी ह्या गल्लीत तोंड कसं दाखवू? बँड तरी कसा चालवू?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तोटी आपोआप बंद झाली होती.

तो दिवस आला. लेंगऱ्यात पप्पांनी वाजवलं, पण ते पप्पांचं वाजवणं नव्हतं. सूर बरोबर आणि जीव कुठंतरी भलतीकडंच. परतीच्या टेम्पोत ते टोपीचा तुराच सरळ करत बसले. गल्लीच्या तोंडाशी पप्पा म्हणाले, "घरी." मी टेम्पो थांबायच्या आत उडी मारली, दुकानाशी पळत गेले आणि शटर धाडकन वर केलं. तो आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला. आता बंद करणं म्हणजे त्याहून वाईट. पप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझं दोन दिवसांचं जेवण तिथंच झालं. आणि ते आत जाऊन ड्रमच्या मागं बसले.

देवळाकडून आवाज आला. आधी ड्रमची धडधड, मग ट्रम्पेट, मग पिवळंच पिवळं! गल्लीतल्या पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. नाचणारी पोरं, फेट्यातल्या बाया, पांढऱ्या घोड्यावर नवरदेव. पुढं सोनपंखीची रांग. आणि सगळ्यात पुढं भूपाल मास्तर.

ते आमच्या दुकानाजवळ आले. मी पायरीवर, हात घट्ट मिटलेले. ते समोर आले.

आणि पुढं गेले.

मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. ट्रम्पेट गेले, ड्रम गेले, झांजा गेल्या. जयध्वनीवाल्या काकांनी डोळे खाली घातले. मी मागं वळून बघूच शकत नव्हते, कारण मागं पप्पा होते.

पोरं नाचत नाचत गेली. घोडा आला. घोडा बरोबर आमच्या पायरीसमोर आला, आणि पुढून शिट्टी वाजली.

सगळं थांबलं. ड्रम थांबला, ट्रम्पेट थांबले. घोड्यानं फुर्र केलं. आणि सोनपंखीची अख्खी रांग मागं वळली. उलट चालत आली, नाचणाऱ्या पोरांना बाजूला सारत, घोड्याच्या दोन्ही बाजूंनी फाकत, आणि आमच्या दुकानासमोर अर्धगोल करून उभी राहिली. मास्तरांना नुसतं दुकानासमोर थांबायचं नव्हतं, नवरदेवासकट अख्खी मिरवणूक आमच्या पायरीवर आणून सलामी द्यायची होती!

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि एक धून काढली. साधी, हळू, पहिल्यांदा शिकणाऱ्या पोराला देतात तशी. मला ती ओळखीची होती. पप्पा रोज सकाळी वाद्य बाहेर काढलं की आधी तीच वाजवायचे, कधीच चुकवायचे नाहीत.

माझ्यामागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पप्पा ड्रमवर आपटून बाहेर येत होते. निळा-हिरवा गणवेश, टोपी तिरकी, डोळे भरलेले. ते पायरीवर उभे राहिले, ऐकलं, आणि धुनीचा दुसरा भाग आला तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट उचलून आभाळाकडं केली. मास्तर थांबले. पप्पा वाजवत गेले. मग मास्तरांनी परत सूर मिळवला. काय सांगू तुम्हाला! गल्ली ओरडत होती, जयध्वनीवाले काका शिट्ट्या मारत होते, आमचा झांजवाला धावत जाऊन पिवळ्यांच्या रांगेत घुसला होता. मी तर पायरीवर उड्या मारत होते, नाचत होते, रडत होते, सगळं एकदमच.

धून संपली. मास्तर घाम पुसत म्हणाले, "लग्न फोनवर देतात का रं? नारळ न्यायला काय झालं होतं?"

"चुकलं, मास्तर."

"आणि हार कुठाय?"

पप्पांनी इकडंतिकडं बघितलं. हार नव्हता. मग त्यांनी स्वतःची मोराच्या तुऱ्याची टोपी काढली आणि मास्तरांच्या डोक्यावर ठेवली.

"मुहूर्त! मुहूर्त!" मागून वऱ्हाडी ओरडत होते. घोड्याजवळची एक मुलगी गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आली. "तूच का ती वेबसाईटवाली? मी हर्षदा! आजोबांनी सांगितलंय, माझ्या लग्नाला हेच दोन बँड पाहिजेत. दोन्ही. एकत्र!"

निळा तुरा डोलवत पिवळे पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी मी साईटवर बसले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकपाशी मी नारळाचं एक छोटं चित्र लावलं, आणि एक गोष्ट करायला अख्खी दुपार घालवली. झाल्यावर सौरभदादाला फोन केला.

"हे काय नवीन? नारळ?" तो म्हणाला.

"लिंक आहे ती."

"परत बाहेरची लिंक! आणि वर नारळ कशाला?"

"दाबून तर बघ."

त्यानं पुण्यात नारळ दाबला. त्याच क्षणी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भूपाल मास्तरांचा फोन टिंग वाजला, कारण तिथं आता निरोप जातो, 'मोरपिसाकडून तुमच्याकडं माणूस येतोय.' मास्तर चष्मा चढवत पायरीवर आले. डोक्यावर अजून पप्पांचीच टोपी होती.

"विलास!" त्यांनी गल्लीभर हाक मारली. "आला रं नारळ! कोण हाय?"

पप्पा आमच्या पायरीवर आले आणि तेवढ्याच जोरात ओरडले, "आमचा सौरभ हाय, मास्तर! उगाच बघतोय!"

"मग चहाला तरी पाठव त्याला!"

फोनवर दादानं हे सगळं ऐकलं.

"स्वरू," तो म्हणाला, "ते नारळाचं मलाही शिकव ना जरा."